सत्तावन्न फोनांची मापं

“चाळीस वर्षं कोटाच्या कॉलरी बसवल्यात मी! वेबसाइट म्हणजे माझ्या हातचा मळ!”

शिंपीकाकांनी ही गर्जना केली तेव्हा काकू काज करत होत्या. त्यांनी सुई थांबवलीसुद्धा नाही. “अहो, फोनचा आवाज कमी करायला अजून शेजारी लागतो तुम्हाला!”

पण मंडळी, काकांचाही इलाज नव्हता. हमरस्त्यावरचं दुकान सुटलं होतं आणि मागच्या गल्लीतल्या नव्या जागेत वाट चुकलेलं मांजरसुद्धा फिरकत नव्हतं. मुलाने बजावलं होतं, “बाबा, महिनाभर बघा. नाही जमलं तर मशीन विका आणि आमच्याकडे राहायला या.” मुलगा गुणाचा, सून सोन्यासारखी, पण मशीन विकायचं नाव काढलं की काका मशीनला तेल घालायला उठायचे.

म्हणून काकांनी वेबसाइट बनवायचं एक सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. त्यात कोडबिड लिहायचा नव्हता. चित्र उचलायचं, पानावर ठेवायचं. आठ दिवसांत पान तयार! वर कात्री, मध्ये पत्ता, खाली काकांचा लग्नातला फोटो.

“आणि मी कुठाय?” काकूंनी विचारलं.

“कडेला थोडं कापावं लागलं,” काका म्हणाले. त्या दिवशी त्यांचं ताट त्यांनी स्वतःच वाढून घेतलं.

कॉम्प्युटरवर पान ऐटीत उभं होतं. पण शेजारच्या निवृत्त पोस्टमनने आपल्या फोनवर उघडलं, तर अर्धा पत्ता काठाबाहेर! जन्मभर पत्ते शोधलेला माणूस, तोही हरला.

हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा एक समूह होता. कुणीही प्रश्न टाकावा, जाणत्याने उत्तर द्यावं. काकांनी आपलं दुखणं मांडलं. दहा मिनिटांत एका मास्तरीणबाईंचं उत्तर आलं : ‘काका, प्रत्येकाच्या फोनची रुंदी वेगळी असते. तिचा विचार करायला हवा.’

काकांनी कपाळावर हात मारला. “अगं, खरंच की! एका मापाचा कोट सगळ्या गावाला कसा होईल? मापच घेतलं नाही मी!”

आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी पोस्टमनचा फोन मोजायला घेतला.

“कव्हर उतरवा.”

“ते कशाला?”

“स्वेटरवरून छाती मोजतात का कधी? आणि पुढे मोठा फोन घेणार असाल तर आत्ताच सांगा. दोन बोटं माया ठेवतो.”

संध्याकाळपर्यंत पोस्टमनच्या मापाचं वेगळं पान तयार झालं. वर ठसठशीत त्यांचं नाव! पोस्टमनने ते गल्लीभर मिरवलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आला, मग केस कापणारी बाई, मग दातांचे डॉक्टर दोन फोन घेऊन. (“जुळ्यांचं एकदम शिवत नाही मी. एक आज, एक उद्या!”) आणि गंमत अशी, की नुसता फोन घेऊन यायला माणसाला लाज वाटते. कुणी उसवलेली पँट आणली, कुणी चेन तुटलेलं जाकीट. काकूंना मान वर करायला फुरसत उरली नाही!

काका रोज समूहात हिशोब टाकायचे : ‘आज एकोणीस झाले.’ ‘आज चाळीस.’ सत्तावन्नाला समूह हादरला. ‘आम्ही तीन फोनांवर तपासून दमतो, आणि हे गृहस्थ सत्तावन्न!’ व्हिडिओवर आपली पद्धत दाखवा, अशी गळ घातली गेली.

दोनशे माणसं बघायला बसली. काकांनी कानावर खडू खोवला, काकूंचा फोन टेबलावर आडवा केला आणि टेप लावली.

शांतता. सुई पडली तरी ऐकू येईल अशी. आणि पडलीच, काकूंच्या हातून.

मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, “काका… उजव्या कोपऱ्यात ‘आपोआप जुळवा’ असं बटण आहे. ते दाबलं की एकच पान सगळ्या फोनांवर नीट दिसतं.”

काकांनी बटण दाबलं. दिसलं! दोनशे जणांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा मात्र कापड उलटं कापल्यासारखा.

“झालं ना मनासारखं?” काकूंनी विचारलं.

“झालं. पण आता माप द्यायला कोण येणार? आणि त्यांच्याबरोबर त्या पँटी?”

महिना संपायला चार दिवस होते. काकांनी जड हाताने सत्तावन्न पानं पुसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत चिटपाखरू नाही. काकांनी मशीनवर कापड झाकलं, काढलं, पुन्हा झाकलं.

इतक्यात पोस्टमन तणतणत आले. “माझं पान कुठाय? व्याह्यांना दाखवायला गेलो, तर गायब! काय शोभा झाली माझी!”

“आता एकच पान आहे. सगळ्यांना होतं.”

“सगळ्यांना होतं ते मला कशाला? तसला तयार माल नाक्यावर मिळतो! माझ्या मापाचं द्या!”

मागे बेकरीवाला, डॉक्टर, केस कापणारी बाई. आणि प्रत्येकाच्या काखेत काहीतरी उसवलेलं!

काकांनी ‘आपोआप जुळवा’ बंद केलं. मुलाला फोन लावला. “मशीन विकायचं नाही! नाव काढलंस तर बघ!”

आठवड्याने समूहात मास्तरीणबाईंचा निरोप आला. ‘काका, माझ्या फोनचं माप पाठवते. आमच्या नावाचं एक पान शिवाल का?’

‘शिवतो की! मंगळवारी तयार,’ काकांनी ऐटीत टाइप केलं.

“कुठल्या मंगळवारी?” काकूंनी दातांनी दोरा तोडत विचारलं.

काकांना एकाएकी कानावरचा खडू सापडेना.