कोणाले बलावू?

गफ्फारचाचांनी आयुष्यात कधी फोनवर 'हॅलो' म्हटलं नाही. रिसीव्हर उचलला की पहिला प्रश्न, "कोणाले बलावू?" पुढे मोबाइल आला, तर तोही कानाला लावून हाच प्रश्न. एकदा बँकेतून फोन आला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. बँकेतली बाई बिचारी गोंधळली आणि चुकीचा नंबर म्हणून फोन ठेवून मोकळी झाली.

त्याला कारण होतं. अकोटात आमच्या गल्लीतला पहिला फोन चाचांचा, आणि पुढची बारा-तेरा वर्षं तो एकटाच होता. गल्लीतल्या प्रत्येकाने आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना चाचांचाच नंबर दिलेला. लग्नपत्रिकेवरसुद्धा तोच, पुढे 'पीपी' असं लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आणि बोलणारे आम्ही. खुद्द चाचांसाठी फोन आलेला मी कधी पाहिला नाही. त्यांचे सगळे नातेवाईक चार घरं सोडून राहत, त्यांचं काम भिंतीवरून ओरडून भागे.

चाचांचे कायदे होते. तीन घंट्या झाल्याशिवाय उचलायचं नाही, नाहीतर समोरच्याला वाटतं आपण रिकामटेकडे बसलोय. मग अंगणात येऊन अशी हाळी द्यायची, की ज्याचा फोन त्याच्यासोबत निम्मी गल्ली चपला शोधू लागे. माणूस फोनपुढच्या खुर्चीत बसला की चाचा स्वतःच्याच घरातून बाहेर पडत आणि अंगणातल्या निंबाखाली, घराकडे पाठ करून उभे राहत. मग ऊन असो की पाऊस. आणि काय बोलणं झालं ते जन्मात विचारायचं नाही.

कापसाने पाठ फिरवली त्या वर्षांत त्या फोनवर चांगल्या बातम्या कमीच यायच्या. कुणी उतरलेल्या तोंडाने बाहेर आलं की चाचा त्याला घरापर्यंत सोडायला निघत आणि वाटभर वांग्यांबद्दल बोलत. यंदा वांग्याला कीड कशी नाही, भरीत कोणत्या वांग्याचं करावं, असलं काहीतरी. मला लहानपणी वाटायचं, या माणसाला वेळकाळ काही कळत नाही. बाबा गेल्याचा फोन अमरावतीच्या दवाखान्यातून चाचांकडेच आला. त्या दिवशी मात्र ते वांग्यांबद्दल बोलले नाहीत. आईच्या मागे मागे, दोन पावलं अंतर ठेवून, आमच्या दारापर्यंत नुसते चालत आले. ते मी विसरलेलो नाही.

मग घरोघरी फोन आले, पाठोपाठ मोबाइल आले. चाची गेल्या. चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बसलं, तर हा गडी साठीच्या घरात रोज एसटीने अकोल्याला जाऊन कॉम्प्युटरची दुरुस्ती शिकून आला. जुना फोन मात्र तिथेच राहिला, स्टुलावर, चाचींनी भरलेल्या रुमालाखाली. समोर बोलणाऱ्याची खुर्ची, तीही तशीच.

तेव्हा आमचा सुधाकरदादा मस्कतला कामाला गेला होता. रविवारी अकरा ते बारा त्याला कॅम्पातला कॉम्प्युटर मिळायचा, तेवढा वेळ आईला तो पडद्यावर दिसायचा. त्या रविवारी तो दिवाळीची सुट्टी मिळाली की नाही ते सांगणार होता. आणि नेमका आदल्या दिवशी मी शहाणपणा केला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता, तो मी सीडी घालून काढला, स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि पाहतो तर इंटरनेट बंद. मोडेमचे दिवे लुकलुकतायत, वायर जागेवर आहे, पण एक पान उघडेल तर शपथ. सकाळी आई धुवट पातळ नेसून पडद्यापुढे बसली, तेव्हा मी पळतच बाहेर पडलो. चाचांना बोलावलं.

चाचा आले ते हातात कागद घेऊन. जुना फोन बंद करायचा होता, त्याचा अर्ज मी चांगल्या मराठीत लिहून द्यायचा, बदल्यात ते माझं इंटरनेट पाहणार. आठ महिन्यांत फोन एकदाही वाजला नव्हता म्हणे.

"वाजत नाही त ठेवू कायले?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "डबडं हाय."

मग चष्मा पुसला, माउस हातात घेतला आणि सेटिंगच्या आत, आणखी आत शिरले. एका चौकोनात 'प्रॉक्सी' लिहिलेलं होतं आणि त्यापुढे बरोबरची खूण.

"हे पाय. व्हायरसनं तुह्या कॉम्प्युटरले आपला पीपी नंबर लावून देल्ला होता. तुहं सारं बोलणं त्याच्या घरून जाये. तू त्याले हाकललं, पन नंबर तोच राह्यला. त्या घरात आता कोणीच नाही, अन् हा बावळट अजून तिथंच फोन लावून राह्यला."

खूण काढली, ओके केलं, आणि पान उघडलं. मी रात्रभर डोकं फोडलं होतं, त्यांना पाच मिनिटं लागली.

अकराला दादा पडद्यावर आला आणि चाचा उठून तडक बाहेर, आमच्या अंगणात गेले. तिथेही एक निंब होता. त्यांची पाठ दिसताच दादाने पहिलं हेच विचारलं, की चाचा निंबाखाली गेले का? मग म्हणाला, सुट्टी नाही मिळाली, होळीला पाहू. आई 'बरं, बरं' म्हणत राहिली. मला दुसरं काही सुचेना, म्हणून चाचा फोन कापताहेत ते सांगितलं. दादाने एवढंच विचारलं, की नंबर अजून तोच आहे ना.

आई अंगणात आली. चाचांनी निंबाखालून वळून तिचं तोंड पाहिलं.

"भाभी, यंदा वांग्याले कीड नाही म्हंतेत."

आई हसली, आणि मग पदर डोळ्याला लावून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी मी अर्ज लिहून चाचांकडे गेलो. ते सही करायला बसले आणि रुमालाखालचा फोन वाजला. चाचांचा पेन हातातच राहिला. तिन्ही घंट्या त्यांनी वाजू दिल्या, मग उचलला.

"कोणाले बलावू? ...सुधाकर? थांब बाप्पा, भाभीले बलावतो."

मी आईला आणायला उठलो, तर त्यांनी हात करून मला थांबवलं. ऐकत राहिले.

"माह्यासंगं?" ते म्हणाले. "माह्यासंगंच बोलाचं हाय?"

मी खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. त्या खुर्चीत बसलेले चाचा मी पहिल्यांदाच पाहिले. अर्ज उचलून खिशात घातला, बाहेर आलो आणि निंबाखाली, घराकडे पाठ करून उभा राहिलो. आत काय बोलणं झालं, ते मी अजून विचारलेलं नाही.