प्रलंबित काटा

इसवी सन १९७८ च्या मार्चमध्ये नाशिकच्या एका सरकारी कचेरीत एका मुलाच्या पायात काटा असल्याचे शासनाच्या निदर्शनास आले.

मुलगा ब्राँझचा होता. रोममधल्या एका सुप्रसिद्ध प्राचीन मूर्तीची ही जुनी नक्कल कोण्या इंग्रज साहेबाने हौसेने आणली होती: दगडावर बसलेला उघडा पोरगा, एक पाय गुडघ्यावर, मान खाली, तळव्यातला काटा काढण्यात गढलेला. साहेब गेला, पोरगा राहिला. कचेरीने त्याच्या कमरेला फडके गुंडाळून त्याला स्वतंत्र भारतात सामावून घेतले आणि व्हरांड्यातल्या बाकाजवळ बसवले. पावसाळ्यात लोक त्याच्या मानेला छत्र्या अडकवीत.

हेडक्लार्क कोंडाजी शिरसाठांचे त्या पोराकडे कधी लक्ष गेले नव्हते. त्यांचे लक्ष बदल्यांच्या यादीकडे होते. बायको सुलाबाई पंचवटीतल्या शाळेत मास्तरीण, घराचे बांधकाम नुकतेच खिडक्यांपर्यंत आलेले. अशात डोंगरातल्या सुरगाण्याला बदली झाली, तर घर एकीकडे आणि धनी दुसरीकडे. कोंडाजींना झोपेतसुद्धा सुरगाण्याची एस.टी. दिसे.

नवे साहेब तपासणीला आले. व्हरांड्यात थबकून म्हणाले, "काय हो, याचा काटा अजून निघाला नाही वाटतं?"

साहेब हसले, म्हणून सगळे हसले. बाकावर बसलेली कळवणकडची भिमाबाई तेवढी हसली नाही. मेलेल्या नवऱ्याच्या जमिनीला आपले नाव लावून घ्यायला ती कधीपासून खेपा घालत होती आणि हसण्याची सवय तिला राहिली नव्हती.

कोंडाजी हसता हसता टिपून घेत होते. त्यांच्या आधीच्या हेडक्लार्कने तेव्हाच्या साहेबाचे एक वाक्य थट्टेवारी नेले होते. तो आता सुरगाण्याला होता.

टिपणाचा टंकलिखित शेरा झाला, साहेबांनी न वाचता सही केली आणि आठवड्याभरात कचेरीत हुकूम येऊन पडला: "मुद्दा अकरा. व्हरांड्यातील काटा प्रदीर्घ काळ प्रलंबित. तातडीने निकाली काढून पूर्तता कळवावी."

कोंडाजींनी भिंग लावून तळवा पाहिला. पोराने बोटांची चिमूट नीट धरली होती, पण चिमटीत काही नव्हते आणि तळव्यातही. त्यांनी पुंजा शिपायाला हाक मारली.

"पुंजा, काटा कुठाय?"

"नायच हाय, भाऊसाहेब. त्यो नुसता बघतोय."

"नाही कसा? साहेबांनी पाहिलाय. सहीनिशी पाहिलाय."

"म्या इतकी वर्सं पुसतोय, मला तर कधी दिसला नाय."

"म्हणजे तुझ्या ताब्यात असताना गेला!"

काटा मुळातच नाही असे लिहिणे म्हणजे साहेबांना नसलेले दिसते असे लिहिणे. त्यापेक्षा तो गहाळ झालेला बरा. पुंजाकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. पुंजा शहाणा माणूस. दुसऱ्या दिवशी तो निफाडहून, भावाच्या बांधावरून, बाभळीचा बोटभर काटा घेऊन आला.

"ह्योच व्हता. झाडताना घावला."

कोंडाजींनी काटा लगेच ओळखला. पाकिटांवर ठोकायच्या लाखेने त्यांनी तो पोराच्या तळव्यात बसवला. लाल लाख टाचेपर्यंत ओघळली. आता काटा काढायला काहीच हरकत नव्हती, फक्त साहेबांची तारीख मिळायची होती.

भिमाबाई त्या दिवशीही बाकावर होती. "तुमचं प्रकरण साहेबांच्या टेबलावर आहे," असे कोंडाजींनी तिला सांगितले होते. खरे तर ते त्यांच्याच टेबलावर, काट्याच्या फायलीखाली होते. बसल्या बसल्या तिची नजर पोराच्या टाचेकडे गेली.

"माय वं! पोरना पायमा केवढा काटा शे!"

ती उठली, पोराचा पाय एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने काटा उपटला. मग थुंकी लावून तिने पदराने तळवा पुसला.

कोंडाजी धावत आले. "बाई, हे काय केलंत! परवानगी कोणाची घेतली?"

"परवानगी? काटा काढाले?"

कोंडाजींना चक्क लाज वाटली. पण लगेच सुरगाणा आठवला, आणि त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे. सरकारी काटा आहे तो."

काटा दुप्पट लाखेने पुन्हा बसवण्यात आला. शासकीय कामात अडथळा नको म्हणून भिमाबाईला बाकावरून उठवून आवारातल्या लिंबाखाली बसवण्यात आले.

साहेब पूर्ततेला आले. हार झाला, नारळ झाला, तबकात चिमटा पुढे आला. साहेबांना ना थट्टा आठवत होती ना हुकूम; पण फोटोग्राफर दिसल्यावर त्यांनी चिमटा बाजूला सारला आणि काटा हातानेच धरला. लाख दुप्पट होती. साहेबांनी जोर लावला. काटा निघाला नाही, साहेबांच्या बोटात मोडला.

या वेळी कोणीही हसले नाही. कोंडाजींनी टिपूनही घेतले नाही.

दुसऱ्याच दिवशी ते सुरगाण्याच्या एस.टी.त होते. सुलाबाई स्टँडवर आल्या, डबा दिला आणि रडल्या. नव्या हेडक्लार्कने पहिल्याच टपालाने कळवले: "मुद्दा अकरा. काटा काढण्यात आला." या कचेरीतून गेलेला हा पहिलाच खरा अहवाल, असे पुंजा म्हणतो.

हकिकत नाशिकभर झाली. अजूनही चार माणसे जमली की कोणीतरी ती सांगतो आणि बाकीचे पोट धरून हसतात. साहेबांचे बोट बरे झाले का, कोंडाजी परत आले का, सुलाबाईंचे घर पुरे झाले का, पोरगा अजून तिथेच बसलाय का, सगळे हौसेने विचारतात. लिंबाखाली बसवलेल्या भिमाबाईच्या कामाचे काय झाले, हे मात्र आजवर कोणी विचारले नाही.

तुम्हीही विचारले नाहीत.