आत्याची फुफ्फुसं माणसांत आली

शहरातल्या हवेचा नागरिकांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास संस्थेत काही वर्षं चालला होता आणि अगदी शेवटाला येऊन अडला. हवेचे नमुने भरपूर होते. खोकणारी माणसं तर मागावी तितकी. पण परिणाम झालेल्या माणसांशी तुलना करायला परिणाम न झालेली माणसंही लागतात, आणि ती मिळत नव्हती.

ती शोधण्याचं काम कनिष्ठ संशोधकाकडे होतं. हवेचं खातं सांभाळतो म्हणून संस्थेत त्याला सगळे हवालदार म्हणत. हळूहळू सोसायटीतही तेच नाव रूढ झालं होतं आणि हल्ली रागावली की बायकोही त्याच नावाने हाक मारी. त्याची नोकरी हंगामी होती. अहवाल वेळेत गेला तर कायम करण्याचा विचार करता येईल, असं संचालकांनी त्याला बोलावून सांगितलं होतं. विचार करता येईल, इतकंच. पण तेवढ्यानेही हवालदाराचे पाय जमिनीला लागेनात.

तो सकाळी बागेत जाऊन उभा राहिला. तिथे लोक धापा टाकत आरोग्य कमावत होते. पोहण्याच्या तलावावरचा प्रशिक्षक छाती काढून आला, दम मोजायच्या यंत्राच्या नळीत फुंकर मारून डोकं धरून खाली बसला. जाहिरात दिल्यावर एक गृहस्थ मोठ्या ऐटीत हजर झाले. फुंकण्याआधी त्यांनी खिशातला दम्याचा पंप ओढला आणि हा सोडला तर आपल्याला काहीही त्रास नाही, असं निक्षून सांगितलं.

शेवटी बायकोलाच आत्या आठवली. हवालदाराची ही आत्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर लांबच्या एका डोंगरावर, जिथून बस मागे वळते तिथे, छोटं घर बांधून राहिली होती आणि गुलाबाची कलमं विकत होती. तिचा आवाज इतका खणखणीत होता की तिच्याशी बोलताना फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. भाच्याच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हटल्यावर तिने लगेच बॅग भरली.

"नुसती फुंकर मारून तू कायम होणार असशील, तर मारते की," ती म्हणाली.

आत्याने फुंकर मारली. यंत्राने लाल दिवा लावला आणि चाचणी अवैध ठरवली. यंत्र दुरुस्त करणारा आला, त्याने ते उघडलं, पुसलं, मिटलं. पुन्हा लाल दिवा. दुसरं यंत्र आणलं, त्याचंही तेच. आत्याच्या दमाचा आकडा यंत्राच्या पट्टीच्या बाहेर जात होता. हवालदाराला इतका आनंद झाला की तो जिना चढून संचालकांच्या खोलीत गेला आणि बोलण्याआधी बराच वेळ टेबलाला धरून उभा राहिला.

संचालक शांत गृहस्थ होते. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"आपल्याकडे एका बाजूला चारशे माणसं आहेत," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या बाजूला या बाई. यात वेगळं कोण?"

"बाई, सर."

"मग बिघाड कुणात आहे?"

हवालदार अजून दम घेत होता, म्हणून मुद्दा एकमताने मंजूर झाला. चारशे माणसांना आजारी ठरवलं तर आजाराचं कारण सांगावं लागेल, सांगितलं की ते दूर करावं लागेल, आणि त्याला या इमारतीत कुणाचीच तयारी नाही, हे संचालकांनी त्याला समजावलं. त्यापेक्षा एका बाईंना बरं करणं सुटसुटीत होतं. आत्याच्या आजाराला 'श्वसनाधिक्य' असं नाव देण्यात आलं. संस्थेच्या इतिहासातला तो पहिलाच रुग्ण असल्यामुळे तिच्याभोवती सगळ्यांची लगबग सुरू झाली.

उपचार साधे होते. सकाळी मोठ्या चौकात सिग्नलपाशी फेरफटका, दुपारी बस डेपोच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून विश्रांती, संध्याकाळी बाल्कनीत चहा. देखरेखीला एक परिचारिका हवालदाराच्या घरी येई. आत्या मान हलवून सगळं करी. आपण आजारी आहोत यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण भाच्याच्या कायम होण्यावर होता.

हवालदाराला मात्र अन्न गोड लागेना. तो रोज हळूच खिडकी लावून घेई, परिचारिका येऊन ती उघडत असे. एकदा त्याने आत्याला थंडगार सिनेमागृहात नेऊन बसवलं. सिनेमा रद्दड होता, पण दोघं मध्यंतरानंतरही उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी संस्थेने त्याला उपचारात खंड पाडल्याबद्दल समज दिली. बायकोने त्या रात्री त्याला हवालदार म्हणून हाकही मारली नाही. नोकरी अजून कायम व्हायची होती.

आणि एका सकाळी आत्या खोकली. परिचारिकेचा चेहरा खुलला. प्रतिसाद उत्साहवर्धक आहे, असं तिने लगोलग संस्थेला कळवलं, आणि संचालकांनी हवालदाराचं अभिनंदन केलं. त्यानंतर आत्याची प्रकृती झपाट्याने सुधारत गेली. घसा बसला. जिन्यात ती मजल्यामजल्यावर थांबू लागली. डोंगरावरच्या शेजारणीला ती फोन करी, तेव्हा पलीकडून आवाज वाढवण्याची विनंती येई. अखेर तिने नळीत फुंकर मारली आणि यंत्राने हिरवा दिवा लावला. संचालक स्वतः खाली आले.

"आता तुम्ही आमच्यातल्याच," ते कौतुकाने म्हणाले.

त्याच आठवड्यात हवालदार कायम झाला.

आत्याला सोडायला तो बसस्टँडवर गेला. बॅग त्याने उचलली होती, तरी बसपर्यंत जाताना दोघांना दोनदा बाकावर टेकावं लागलं. बोलायचं पुष्कळ होतं. पण समोर बसची इंजिनं घरघरत होती आणि तोंड उघडलं की धूर आत जात होता. खिडकीजवळ बसल्यावर आत्यानेच त्याचा हात धरला.

"लहानपणी सुट्टीत यायचास, तेव्हा डोंगर धावत चढायचास, गाणी म्हणत," ती म्हणाली. "रजा काढून ये एकदा. चार दिवस तूही आजारी पड."

बस गेली. हवालदार संस्थेत गेला आणि त्याने रजेचा अर्ज दिला. संचालकांना वाईट वाटलं, पण अहवाल प्रसिद्ध होत होता. सर्व नागरिक निरोगी असल्याचं नागरिकांना सोप्या भाषेत सांगणारं पत्रक कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि हवालदार आता कायम नोकरीत होता. त्याने दार लावून घेतलं आणि पत्रक लिहिलं. ते घरोघर वाटलं गेलं. त्यात प्रत्येकाला घरच्या घरी करता येईल अशी चाचणी आहे. खालचं वाक्य मोठ्याने, एका दमात वाचायचं.

'आमच्या शहराची हवा तशी बरी आहे, सकाळी दिसतं ते धुकं असतं, मुलाचा खोकला शाळेतून आलेला आहे, बाबांना धाप वयामुळे लागते, माझा घसा पंख्यामुळे धरतो, गाडी मी एकट्याने बंद ठेवून काय फरक पडणार, कचरा काही मी पेटवत नाही आणि पेटवला तरी कोपऱ्यातच पेटवतो, खिडकी लावून घेतली की काही जाणवत नाही, आणि एवढं सगळं असूनही माझी प्रकृती चारचौघांसारखी ठणठणीत आहे.'

मध्ये कुठे थांबावं लागलं असेल, तर अभिनंदन, आपण प्रमाणात आहात. न थांबता इथवर पोहोचला असाल, तर ताबडतोब संस्थेशी संपर्क साधा. येताना मुक्कामाचं सामान आणावं.