लेले मास्तरांचा खोकला

लेले मास्तर कुठल्याही हॉटेलच्या दारात पाऊल ठेवलं की आधी खोकत. नमस्कार नाही, चौकशी नाही, आधी खोकला. तोही साधासुधा नव्हे. सुरुवातीला घशात थोडी खरखर, मग छातीच्या तळातून आल्यासारखी एक लांबलचक उबळ, मग गल्ल्याच्या टेबलाचा आधार. शेवटी खिशातून रुमाल काढून ते तोंड पुसत आणि रुमालाकडे क्षणभर निरखून बघत. हॉटेलवाल्याची नजर नेमकी त्या रुमालावर खिळायची. मग मास्तर खोल गेलेल्या आवाजात विचारत, "जागा आहे का हो?"

गंमत म्हणजे मास्तरांना खोकला नव्हताच. सांगलीत आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी गणित. आम्ही राहायलाही शेजारी शेजारी होतो. थंडीत सगळी गल्ली शिंकत असताना हा पन्नाशीचा गृहस्थ पहाटे कृष्णेत बुडी मारून, ओलं धोतर खांद्यावर टाकून यायचा. आवाज तर असा खणखणीत, की त्यांनी वर्गात नद्या सुरू केल्या की भिंतीपलीकडे माझ्या वर्गातली पोरं त्रैराशिक सोडून गोदावरीच्या उपनद्या म्हणायला लागत. अशा माणसाला हॉटेलच्या दारातच तेवढा क्षय कसा काय होतो, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

ती लढाईची वर्षं. साखर रेशनवर गेलेली, रॉकेलची मारामार. पेट्रोल नाही म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धावायच्या. धावायच्या म्हणजे सपाटीवर धावायच्या, चढावर उतारूंनी ढकलायच्या. शहाणी माणसं घरी बसत. आमचे मास्तर मात्र दिवाळी आली, नाताळ आला, दोन सुट्ट्या जोडून आल्या, की माझं दार वाजवायचे. "कुलकर्णी, वळकटी बांधा. हवापालट करून येऊ." मी सडाफटिंग, त्यांच्याही घरी कुणी नाही. त्यांची बायको मी सांगलीत यायच्या आधीच वारली होती, एवढंच मला ठाऊक होतं. त्याविषयी ते बोलत नसत आणि मी विचारत नसे.

हवापालट कसला, ती परीक्षा असायची. आम्ही हॉटेलात राहायला जात नसू, मास्तर हॉटेल तपासायला जात. साताऱ्यात एका 'ब्राह्मणी पद्धतीचे भोजन व राहण्याची उत्तम सोय' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी मालकाने रुमाल बघितला आणि म्हणाला, "सगळ्या खोल्या भरल्यात हो." त्याच्या डोक्यामागे खिळ्यांना सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या ओळीने लटकत होत्या. मास्तरांनी त्या शांतपणे न्याहाळल्या आणि म्हणाले, "असू दे, असू दे." बाहेर येऊन पायरी उतरता उतरता त्यांनी निकाल जाहीर केला. "नापास!"

चेहरा कसा, तर लॉटरी लागल्यासारखा. माझ्या पोटात कावळे ओरडतायत, खांद्यावर वळकटी, आणि हे आनंदाने पुढच्या हॉटेलकडे निघालेले.

कधी खोली मिळालीच तर त्यांच्या मागण्या सुरू होत. खोली खालचीच हवी, जिना चढायचा नाही. खिडकीतून सकाळचं ऊन यायला हवं. आल्याबरोबर गरम पाणी हवं. जेवायला गुरगुट्या भात, तिखटाचा कणही नको. आणि दुसऱ्या दिवशी हेच महाशय हिरव्या मिरच्यांचा ठेचा भाकरीवर थापून खात आणि एका दमात अजिंक्यतारा चढून जात. मी अर्ध्या वाटेवर दगडावर बसलेला असे. वरून त्यांची हाक यायची, "कुलकर्णी, वरून यवतेश्वर काय सुंदर दिसतोय!" मला तेव्हा फक्त माझे गुडघे दिसत असत.

कराडला एकाने खोली दिली, पण खाटेवरची गादी उचलून नेली आणि दारात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केली. रात्रभर मीच खोकलो. "नापास!" एकदा एका म्हाताऱ्याने काही न विचारता हसतमुखाने किल्ली हातात दिली. मला वाटलं, सुटलो. पण मास्तर खाटेवर अस्वस्थ बसून राहिले. मग उठून खाली गेले, म्हाताऱ्याच्या पाठीमागे उभे राहून पुन्हा खोकले आणि उजळलेल्या चेहऱ्याने परत आले. "बहिरा आहे हो! हा धरायचा नाही."

वाईच्या एका खाणावळवाल्याने तर स्वतः खडीसाखर आणून दिली. "घसा धरलाय का? हवाच तशी आहे," म्हणाला. मी म्हटलं, "मास्तर, हा देवमाणूस दिसतो." यावर त्यांचं तोंड असं उतरलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. दुपारी जेवायला गेलो तर सगळ्यांची पानं आत, आणि मास्तरांचं पान मागच्या पडवीत, गोठ्याला लागून मांडलेलं. मास्तर त्या पानावर बसले आणि जेवले काय, विचारू नका. शेजारी म्हैस रवंथ करतेय आणि हे मागून मागून भात घेतायत. "सपशेल नापास, कुलकर्णी!"

मी म्हणायचो, हा माणूस जगातलं सगळ्यात चांगलं हॉटेल शोधतोय आणि ते सापडत नाही म्हणून चिडण्याऐवजी हसतोय. विक्षिप्त माणूस, दुसरं काय! मी त्यांची नक्कल शिक्षकांच्या खोलीत करून दाखवी आणि सगळे पोट धरून हसत.

एकच ठिकाण ते टाळायचे. पाचगणी. मी किती वेळा म्हटलं, "चला की मास्तर, हवापालट म्हणजे पाचगणीच." ते नकाशा गुंडाळावा तसा विषय गुंडाळून ठेवत. पण एका नाताळात आपणहोऊन म्हणाले, "सातारा झाला, कराड झालं, वाई झाली. आता पाचगणीच राहिली. तीही बघून टाकू." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी मात्र खुशीत वळकटी बांधली.

वाईहून दुपारची मोटार निघाली आणि पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी येऊन बसली. आम्ही सगळ्यांनी ढकलून पाहिली. ड्रायव्हर कोळशाच्या भट्टीत तोंड घालून शिव्या देत होता. अखेर तो म्हणाला, "आता सकाळच्याला. ज्येला माघारी जायाचं त्येनं चालत जावा." बाकीचे उतारू वाईच्या वाटेला लागले. दिवस कलला होता आणि वारं असं बोचत होतं की चालायची माझी तर तयारी नव्हती.

रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक बसकं घर होतं. अंगणात बैल सोडलेली गाडी, ओसरीला टांगलेला कंदील. गाडीवानांच्या उताऱ्याची ती जागा. ड्रायव्हर म्हणाला, "हौसाक्काकडं पडा की. वडूजाकडची धनगराची बाय हाय, पर मानूस लय चांगलं." मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणजे ब्राह्मणी पाटी असल्याशिवाय पाणी न पिणारे. पण ते त्या कंदिलाकडे टक लावून बघत होते. मग सावकाश दारापर्यंत गेले आणि सवयीने खोकले. अर्धवटच. रुमाल काढायचंही ते विसरले.

आतून साठीची एक बाई पदर खोचत बाहेर आली. "आवं, भाईर का हुबं ऱ्हायलाय असल्या वाऱ्यात? आत या आदी. खोकला लय धरलाय की तुमास्नी!"

आणि मग आम्ही काही बोलायच्या आत तिचं सुरू झालं. "खाट हितं टाकते, सकाळचं ऊन पैलं हितंच येतंय. पानी तापतंयच, गरम गरम प्या. भाकरी चावायची न्हाई तुमास्नी. जुंधळ्याच्या कन्या मऊ शिजवते, तिखाट घालत न्हाई." घराला पायरी तर एकही नव्हती.

मास्तरांच्या सगळ्या मागण्या त्यांनी न मागता पुऱ्या होत होत्या. मी हसून म्हटलं, "मास्तर, पहिल्या वर्गात पास!" ते हसले नाहीत. भिंतीला हात टेकून उभे होते.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं. "खोकल्याच्या माणसाची?"

"भ्याचं काय त्येच्यात? वरनं पाचगनीवरनं माघारी धाडलेली मानसं हितंच टेकत्यात. तितं खोकल्याच्या मानसाला कोन दारात हुबं करत न्हाई. मग जायाचं कुटं त्येंनी?"

"किती दिवस चालवताय हे?"

"मालक गेलं तवापास्नं. लडाई लागायच्या लय आदीपास्नं."

"आणि हा कंदील? तेव्हाही लावत होतात?"

"त्यो कवाच इजू देत न्हाई, बाबा. घाट उतरनाऱ्याला दिसाय नगं?"

मास्तर खाली बसले. तिने दिलेल्या कण्या त्यांनी मुकाट्याने खाल्ल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते परक्या जातीच्या हातचं जेवत होते, आणि त्याचं त्यांना भानही नव्हतं.

सकाळी खरोखरच त्या खाटेवर पहिलं ऊन आलं. मास्तर उन्हात बसले होते. मी चहा घेऊन गेलो, गुळाचा. माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले.

"जानकीला डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती. मी म्हटलं, पाचगणीला चांगल्या हॉटेलात राहू. ती कधी हॉटेलात राहिलीच नव्हती हो. नवं लुगडं घेतलं होतं तिनं. म्हणे, तिथे आपल्याला कुणीतरी वाढणार, आपण नुसतं बसायचं." ते थोडे हसले. "प्रत्येक दारात तिला खोकला यायचा. दाबून धरायची, तोंडात पदर कोंबायची, तरी यायचा. सगळ्यांच्या खोल्या भरलेल्या. शेवटी एक छकडा करून संध्याकाळी खाली आलो. इथे, या वळणावर तिने हा कंदील बघितला. म्हणाली, अहो, तिथे दिवा दिसतोय, तिथे विचारा ना."

गाडीवान बैल जुंपत होता, त्यांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता.

"मी म्हटलं, ते आपल्यातलं नाही."

मी ओसरीवरच्या कंदिलाकडे बघितलं.

"वाईला देवळाच्या ओवरीत पडलो. पहाटे तिचा खोकला थांबला. मला बरं वाटलं, म्हटलं झोप लागली."

चहा निवून गेला होता. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुम्हाला वाटायचं, मी चांगलं हॉटेल शोधतोय," ते म्हणाले. "नाही हो. ते नाहीच आहे, एवढंच मला बघायचं होतं. कुठेच कुणी घेतलं नसतं, माझ्या हातात काहीच नव्हतं, असं ठरलं असतं म्हणजे झालं. एकेक नापास झाला की मला रात्री झोप लागायची. आणि हे दार इथे होतं. तिनं तर बोटानं दाखवलं होतं."

एवढं बोलून लेले मास्तर रडले. खणखणीत आवाजाचा तो माणूस आवाज न करता रडला. मला मी केलेल्या त्यांच्या नकला आठवल्या. हौसाक्का चुलीपाशी होती. तिने एकदा बाहेर बघितलं आणि पाणी आणून खाटेखाली ठेवलं.

आम्ही पाचगणीला गेलो नाही. त्यानंतर मास्तर कुठल्याही हॉटेलच्या दारात खोकले नाहीत. सांगलीत सगळे म्हणाले, लेल्यांचं खूळ गेलं. खूळ गेलं नव्हतं, एका जागी स्थिरावलं होतं. सुट्टी लागली की ते एकटेच वळकटी घेऊन पसरणीच्या पायथ्याशी जात.

मी एकदा त्यांना भेटायला गेलो तेव्हा संध्याकाळ होत होती. मास्तर ओसरीवर कंदिलाची काच पुसत होते. इतक्यात घाटातून एक छकडा खाली आला. आत पांघरुणात गुंडाळलेली एक मुलगी, तिच्याजवळ शेंडीवाला, थकलेला बाप. गाडी वळणावर रेंगाळली. मुलगी खोकली. बापाने कंदिलाकडे बघितलं, मग त्या पत्र्याकडे, बैलांकडे, दारातल्या हौसाक्काकडे.

"कुणाचं घर आहे हो हे?" त्याने विचारलं.

मास्तर कंदील उचलून रस्त्यावर गेले. वर्गातला तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

"आमचं आहे. मी लेले, सांगलीचा. या, आत या, जागा आहे."

बाप उतरला. हौसाक्का माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "घर त्येंचंच व्हय गड्या, आपलं जुंधळ्याच्या कन्या शिजवायचं काम." आणि पाणी तापवायला आत गेली.

मास्तरांनी कंदील उंच धरला होता. त्या उजेडात मुलगी बापाचा हात धरून खाली उतरली. ती पुन्हा खोकली, तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला.

"नको, बाळ," मास्तर म्हणाले. "खोक मोकळेपणी."