थावोन भन्तेंचं लिव्हर

थावोनने एकदा ठरवलं की ठरवलं! नंतर तो ते पाळायचा, असं मात्र कोणी म्हणू नये. ठरवण्याच्या कामात त्याचा हात धरणारा नोंग वेंग गावात दुसरा कोणी नव्हता, आणि हे त्याची बायको लामदुआनसुद्धा मान्य करायची.

"पंधरवडाभर भिक्षू होऊन चीवर घालतो," अंगणातल्या बांबूच्या माचीवर मांडी ठोकून त्याने जाहीर केलं, "आणि लिव्हर असं लखलखीत करून आणतो, की डॉक्टर त्याचा फोटो काढून दवाखान्यात लावेल!"

"आधी खुराड्यात लपवलेल्या बाटल्या काढ," लामदुआन म्हणाली. "कोंबडे पहाटेच्या आधी आरवायला लागलेत."

हे प्रकरण सुरू झालं ते हेंग शेठच्या नव्या गाडीपासून. थावोन वर्षानुवर्षं शेठचा ऊस कारखान्यावर नेत होता. त्याच्या ट्रकचं दार दोरीने बांधलेलं, आणि केबिनमध्ये एवढं उकडायचं की गळीत हंगाम संपेपर्यंत उसाबरोबर ड्रायव्हरचाही रस निघायचा. जागं राहायला आधार एकच, एनर्जी ड्रिंकची छोटी तपकिरी बाटली. एक निघताना, एक वजनकाट्याच्या रांगेत, एक माल उतरल्यावर, एक आधीचीचा जोर ओसरला म्हणून, आणि एक उगाच.

यंदा शेठने दहा चाकी नवाकोरा ट्रक घेतला. एसीचा! तो कोणाला द्यायचा यावर गावात चर्चेला ऊत आला. हक्क थावोनचाच होता, पण शेठने अट घातली: ड्रायव्हरने सरकारी दवाखान्यातून तब्येत ठणठणीत असल्याची सही आणायची. गेल्या वर्षी एकाने ट्रक सरळ शेताच्या तळ्यात नेला होता, तेव्हापासून शेठचा माणसांवरचा विश्वास उडाला होता.

थावोनने ऐटीत रक्त दिलं. डॉक्टर अगदी पोरसवदा होता. त्याने रिपोर्ट पाहिला, थावोनकडे पाहिलं, परत रिपोर्ट पाहिला.

"काका, दारू किती घेता?"

"सणासुदीला. तीही कोणी पाजली तर."

"कच्चे मासे? त्यातल्या किड्यांनीही लिव्हर जातं."

"सोडले! बायकोने सोडायला लावले."

"मग हे लिव्हर असं कसं?"

मागे गावची आरोग्यसेविका साइजाय मावशी उभी होती. गावातल्या प्रत्येकाचं ब्लडप्रेशर आणि प्रत्येक घरातलं भांडण तिला तोंडपाठ. "डॉक्टर, बाटल्या विचारा," ती म्हणाली. "तपकिरी."

"अहो, ते औषधासारखंच असतं!" थावोन उखडला. "बाटलीवर जीवनसत्त्वं लिहिलेली असतात!"

"दिवसाला किती?"

"एक." तेवढ्यात मागून मावशी खाकरली. "एक सकाळी," थावोन म्हणाला.

डॉक्टरने हिशेब काढला आणि पेन खाली ठेवलं. "साखर, कॅफीन, वर त्या जीवनसत्त्वांचा मारा! लिव्हर म्हणजे हमाल आहे का काका, काहीही लादायला? आजपासून सगळं बंद. कारखाना सुरू व्हायच्या आधी परत तपासू. सुधारलं तर हसत सही देतो."

थावोनने बंद केलं. सकाळी बंद केलं, दुपारपर्यंत डोकं फुटायला आलं, आणि संध्याकाळी तो तांदळाच्या कणगीत डोकं घालून काहीतरी शोधताना सापडला. तेव्हाच त्याला विहाराची कल्पना सुचली. तिथे दुकान नाही, दारू नाही, दुपारनंतर अन्नाचा कण नाही. फुकटात लिव्हर धुऊन मिळतंय आणि वर पुण्य! आपल्या हुशारीवर तो स्वतःच इतका खूश झाला की त्या आनंदात त्याने शेवटची म्हणून एक बाटली फोडली.

दीक्षा थाटात झाली. डोक्यावरच्या केसांबरोबर भुवयाही काढल्या, तेव्हा थावोन नुकत्याच सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसायला लागला. लामदुआन रडली. साइजाय मावशीने चीवर घातलेल्या भन्तेंना आधी वंदन केलं, मग पट्टा त्यांचा त्यांनाच बांधायला लावून ब्लडप्रेशर घेतलं.

विहारात भन्ते एकूण दोनच. मोठे भन्ते, त्यांना मधुमेह. आणि एक म्हातारे भन्ते, त्यांना ऐकू येत नव्हतं आणि ते कोमट पाण्याशिवाय काही पीत नव्हते. ही माहिती थावोनने आधी काढायला हवी होती.

पहिल्या सकाळी तो भिक्षापात्र घेऊन अनवाणी गावातून निघाला. पात्रात गरम भात पडला. त्यावर केळी पडली. आणि मग केळ्यावर टणकन एक तपकिरी बाटली पडली!

"तुम्हाला आवडते ना, भन्ते!" देणारी शेजारीण प्रेमाने हसली. पुढच्या दारात दोन पडल्या. थावोनची आवड गावात कोणाला ठाऊक नव्हती? आणि भिक्षूला त्याच्या आवडीचं दान दिलं तर पुण्यात भेसळ राहत नाही, अशी गावाची समजूत. दुपारनंतर अन्न वर्ज्य असलं तरी पातळ पेय चालतं, हेही गावाला पक्कं माहीत.

"नको म्हणता येत नाही का?" थावोनने मोठ्या भन्तेंना विचारलं.

"दानाला नको कसं म्हणणार? घ्यावं. प्यायलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय?"

"मग तुम्ही घ्या एखादी."

"मला साखर आहे."

म्हाताऱ्या भन्तेंना विचारलं. त्यांनी त्याला आशीर्वाद दिला.

दोन दिवस थावोनने बाटल्यांकडे पाठ केली. डोकं ठणकत होतं, हातापायांत जीव नव्हता, पण डोळ्यांपुढे दहा चाकं फिरत होती. खरंच सांगते, तो चांगला टिकला असता. पण तिसऱ्या दिवशी बुआफान आली.

बुआफानचा नवरा थावोनचा जिवलग दोस्त. ऊस वाहून वाहून गेल्या वर्षी गेला. तिने थावोनपुढच्या कापडावर अख्खा खोका ठेवला आणि हात जोडले.

"रात्री हे स्वप्नात आले होते, भन्ते. तहान लागली म्हणाले. तुम्ही दोघं रांगेत बसून बरोबर प्यायचात ना? तुम्ही प्यालात की त्यांना पोचेल."

"ठेवा वहिनी... म्हणजे, ठेवा उपासिके. नंतर पितो."

"नंतर नको! माझ्यासमोर प्या. पोचली का ते मला बघायचंय."

थावोनने लिव्हरचं स्मरण केलं. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोस्त खरंच चांगला होता. त्याने बाटली उघडली, एका दमात संपवली, आणि दोन दिवसांनी जीभ ओली झाल्यामुळे म्हणा की दोस्ताच्या आठवणीने म्हणा, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पोचली?" बुआफानने विचारलं.

"पोचली!"

"मग अजून एक पोचवा. एका बाटलीवर ह्यांचं कधी भागायचं नाही."

झालं! भन्ते रडत रडत पोचवतात ही बातमी गावभर झाली, आणि नोंग वेंगमधली झाडून सगळी मेलेली माणसं एकाएकी तहानली! कोणाचा भाऊ, कोणाचा सासरा. एका बाईची आजी तर ही बाटली बाजारात यायच्या कितीतरी आधी वारली होती, पण तिलाही चव बघायची होती. सगळे जण समोर बसून बघणार. थावोन एकामागून एक पोचवत होता. त्याने फार विरोध केला असं मला कोणी सांगितलेलं नाही. मेलेल्यांसाठी जिवंत माणसाने एवढं करायलाच हवं, असं तो म्हणायचा, आणि पुढची बाटली उघडायचा.

आता पूर्वीपेक्षा दुप्पट बाटल्या आणि पोटात दुपारनंतर अन्न नाही! परिणाम व्हायचा तो झालाच. थावोनची झोप उडाली. पहाटे तो विहाराचं अंगण झाडायचा, मग रस्ता झाडायचा, मग शेजाऱ्यांचं अंगण. मोठे भन्ते सूत्राची पहिली ओळ म्हणत असताना हा शेवटच्या ओळीला पोचून परत सुरुवातीला आलेला असायचा. ध्यानाला बसला की डोळे सताड उघडे.

"पापणी लवत नाही!" लोक कुजबुजले.

"रात्रभर बसलेले असतात म्हणे!"

"आणि हात बघ! अंगात शक्ती मावत नाहीये, म्हणून थरथरतात."

त्या थरथरत्या हातात मेणबत्ती धरून तो मंतरलेल्या पाण्याच्या वाडग्यावर मेण सांडायचा. इतरांच्या हातून सुबक थेंब पडतात, याच्या हातून आकडेच्या आकडे पडायला लागले! लोकांनी ते वाचले, त्याच आकड्यांची लॉटरी घेतली, आणि हेंग शेठला लागली!

दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या गावांतून माणसं यायला लागली. रिकाम्या हाताने कोणीच नाही. विहाराच्या ओट्यावर खोक्यांची भिंत उभी राहिली.

अशात पंधरवडा भरत आला आणि साइजाय मावशी डॉक्टरला घेऊन विहारातच हजर झाली. थावोनने आदल्या दिवशी दवाखान्यात दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट त्याने पुढे धरला.

"भन्ते, आधी बरं होतं हो! हे दुपटीने बिघडलंय."

"असं कसं?" थावोन म्हणाला. "दुपारनंतर मी काही खात नाही!"

"पिता काय?"

मावशी खाकरली.

"दान," थावोन म्हणाला.

डॉक्टरने खोक्यांच्या भिंतीकडे पाहिलं. "असंच चाललं तर तुम्हाला पोचवायला दुसरा भन्ते शोधावा लागेल. आजपासून एक थेंब नाही! आणि सही तर विसराच."

थावोन त्या दिवशी खरोखर घाबरला. मरणाला घाबरला, आणि त्याहून जास्त गाडी गेल्याच्या दुःखाने खचला. मोठ्या भन्तेंनी हात वर करून सगळ्यांना बजावलं, "यापुढे बाटली माझ्यासमोर ठेवायची, थावोनसमोर नाही." पण हे आधी का सुचलं नाही, असं त्यांना विचारायची सोय नव्हती.

संध्याकाळी हेंग शेठ आले. आले ते थेट लोटांगण घालत.

"शेठ, लिव्हर बिघडलंय," थावोन रडवेला होऊन म्हणाला. "डॉक्टर सही देत नाही."

"सही?" शेठ ओरडले. "तुमच्यापुढे सरकारी सहीची काय किंमत, भन्ते! मला सहीबिही काही नको. उद्या गाडी इथेच घेऊन येतो!"

थावोनला आभाळ ठेंगणं झालं! लामदुआन लांब बसली होती, तिच्याकडे बघून त्याने नसलेल्या भुवया उडवल्या. उद्या चीवर उतरवायचं, परवा एसी. आणि गाडी मिळणार या आनंदात त्याने त्या रात्री आणि सकाळी एकाही बाटलीला हात लावला नाही. डोकं बधिर झालं होतं, मान पुढे पडत होती, पण गडी खूश होता.

भर दुपारी ट्रक आला. झेंडूच्या माळा, रंगीत फिती, कर्कश हॉर्न! मागे अख्खं गाव. ड्रायव्हरच्या दारातून उडी मारली ती नोपने. नोप म्हणजे शेठकडचा सगळ्यात नवा ड्रायव्हर, मिशी अजून धड फुटली नव्हती.

"आशीर्वाद द्या, भन्ते," शेठ म्हणाले. "तुमच्या हाताने गाडीला शुभाचे पांढरे ठिपके लावा. नोप चालवणार आहे."

"नोप?" थावोनचा आवाज चिरकला. "पण शेठ, ही गाडी तर मला..."

"तुम्हाला!" शेठनी दोन्ही कान पकडले. "तुमच्यासारख्या सिद्ध पुरुषाला उसाच्या गाडीवर बसवू? मला कुठला नरक मिळेल! नाही भन्ते, तुम्ही आता चीवर सोडायचंच नाही. विहाराची कौलं मी बदलून देतो."

गावाने हात जोडले. थावोनला सगळ्या गावासमोर भोकाड पसरावंसं वाटलं. पण भन्तेला तशी मुभा नसते. त्याने मुकाट्याने पांढऱ्या लेपाची वाटी घेतली आणि बॉनेटवर ठिपके दिले. मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या छताला ठिपके द्यायचे म्हणून आत चढला, ड्रायव्हरच्या सीटवर बसला, आणि मागे दार लागलं.

नोपने इंजिन चालूच ठेवलं होतं. थंडगार हवा थावोनच्या सोललेल्या डोक्यावर आली. त्याने स्टीअरिंगवर एक हात ठेवला. दुसरा हात छताकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि मांडीवर पडला. पंधरवड्यात पहिल्यांदाच त्याचे डोळे मिटले.

"समाधी!" शेठ पुटपुटले. गाव जागच्या जागी खाली बसलं.

"समाधी कसली!" लामदुआन काचेला कान लावून म्हणाली. "घोरतोय माझा नवरा! वीस वर्षं हेच ऐकत आले मी!"

"शूऽऽ!" सगळ्यांनी तिला गप्प केलं. भन्तेला बाईने हात लावायचा नाही, नाहीतर तिने गदागदा हलवून उठवला असता.

"मोठे भन्ते, मला गाडी कधी मिळणार?" नोपने हळूच विचारलं. "संध्याकाळी पहिला ऊस भरायचाय."

"झोपू दे त्याला," मोठे भन्ते म्हणाले. "इतक्या दिवसांत त्याचं लिव्हर आज कुठे स्वस्थ बसलंय."

ऊन तापत गेलं. कोणीतरी पुढे सरकून पुढच्या चाकाशी श्रद्धेने एक तपकिरी बाटली ठेवली. मग दुसऱ्याने. बघता बघता दहाही चाकांपाशी रांगा लागल्या. नोप ट्रकच्या सावलीत फतकल मारून बसला. एक जांभई दिली, दुसरी दिली. समोर सगळी रात्र रांगेत काढायची होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, स्वतःच्या खिशातून एक छोटी तपकिरी बाटली काढली, आणि भन्तेंची समाधी मोडू नये म्हणून तिचं झाकण अगदी बेताने फिरवलं.