मशीनला गप्प करताना

गालिचे धुणाऱ्या माणसाला बायकोशी बोलायला दिवसातून एकच तास मिळायचा, दुपारी दोन ते तीन, आणि नेमका त्याच तासाला त्याचं मशीन गल्लीभर ओरडत असायचं.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. दीड महिन्यासाठी म्हणून गेली, त्याला आता चार महिने होत आले होते. नातू दुपारी दोनला झोपायचा आणि तीनला उठायचा. उरलेले तेवीस तास तो आजीला दुसऱ्या कुणाचं होऊ देत नसे. इकडे दोन वाजता गालिचेवाला कुठल्या तरी इमारतीखाली आपल्या व्हॅनपाशी असायचा. व्हॅनच्या पाठीमागे मशीन बसवलेलं. इंजिनाच्या उष्णतेवर पाणी तापवायचं, ते नळीने वरच्या मजल्यावर पाठवायचं आणि गालिच्यातलं मळकं पाणी दुसऱ्या नळीने खाली ओढून घ्यायचं, एवढं त्याचं काम. पण एवढ्याशा कामाचा ते केवढा डांगोरा पिटायचं! मध्येच बंद करावं, तर पाणी गार होणार आणि परत तापायला अर्धा तास जाणार. बावीस वर्षांत काम अर्धवट असताना त्याने मशीन बंद केलेलं नव्हतं.

ही बावीस वर्षं बायकोही त्याच्याबरोबर असायची. वर तो धुवायचा, खाली ती मशीन सांभाळायची. नुसत्या आवाजावरून मशीनचं कुठे काय दुखतंय ते तिला कळायचं, आणि आता ते फोनवरूनही कळत होतं. "पट्टा सैल झालाय, ओढून घ्या," नाहीतर "काल जाळी धुतली नाहीत ना?" असं ती तिकडून ओरडायची. तो इकडून "बरं" म्हणून ओरडायचा, तोवर नातू जागा व्हायचा. फोन ठेवल्यावर गालिचेवाल्याला वाटायचं, चार महिन्यांत हिने मशीनची चौकशी केली, माझी एकदाही केली नाही. केली असेलही म्हणा. ऐकू कुठे येत होतं?

घर त्याला खायला उठलं होतं. संध्याकाळी मशीनची जाळी धुतली की तो सवयीने हात मागे करायचा, ती घेईल म्हणून. हात तसाच राहायचा. मग स्वतःच चार पावलं चालून तो जाळी वाळत घालायचा. तिला "ये" म्हणावं असं रोज मनात यायचं. पण "ये" हा शब्द ओरडून म्हणायचा नसतो, असं त्याचं ठाम मत होतं.

म्हणून एका रविवारी त्याने मशीनलाच गप्प करायचं ठरवलं. गालिच्याखाली अंथरायचा फोम घरात पडून होता. तो त्याने व्हॅनच्या आतून, छतापासून दारांपर्यंत, चिकटवून टाकला. नळ्या बाहेर यायला तेवढी वीतभर फट ठेवली. मशीनला वारा लागतो, त्याला कोंडू नका, असं मेकॅनिकने पूर्वीच बजावलं होतं. पण प्रेमात पडलेला माणूस मेकॅनिकचं ऐकत नाही, आणि लग्नाला तीस वर्षं झाल्यावर प्रेमात पडलेला तर मुळीच ऐकत नाही.

सोमवारी एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या दिवाणखान्यातलं काम होतं, तिसऱ्या मजल्यावर. चार वाजता त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या होत्या, त्याच्या आत गालिचा वाळायला हवा, असं बाईंनी त्याला दोनदा सांगितलं आणि एकदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं. मशीन सुरू झालं आणि गालिचेवाल्याचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. बंद दारांमागून नुसती घरघर येत होती. दोनच्या ठोक्याला, अर्धा गालिचा धुऊन आणि उरलेला अर्धा साबणाच्या फेसात ठेवून, तो खाली आला आणि त्याने फोन लावला.

"जेवलात?" बायकोने विचारलं.

इतकं स्वच्छ ऐकू आलं की तो गडबडलाच. हो म्हणाला. तिला विचारलं, तीही हो म्हणाली. मग दोघंही थांबली. ज्या शांततेसाठी त्याने अख्खा रविवार घालवला, ती आता समोर उभी होती आणि तिचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. "ये" म्हणायला त्याने तोंड उघडलं. हवा गरम आहे, असं काहीतरी तो म्हणाला.

"मशीन बंद आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही, चालू आहे."

"मग आवाज कुठे गेला? काय केलंत तुम्ही त्याला?"

आता हिला काय सांगावं, या विचारात तो असतानाच ती उरलीसुरली घरघरही थांबली. आतली उष्णता फार वाढली की मशीन आपोआप बंद पडतं, तसं ते पडलं होतं. फटीतून जळक्या गोंदाचा वास आणि पाठोपाठ धूर आला. तिसऱ्या मजल्यावरून मुख्याध्यापिकांनी विचारलं, की हा धूर त्यांच्या गालिच्याचा आहे का. वॉचमनला कुणी काही विचारलं नव्हतं, पण तो बादली घेऊन धावत आला.

"पाणी ओतू देऊ नका!" फोनमधून बायको म्हणाली. तिला वॉचमन दिसत नव्हता, पण बादलीची कडी ऐकू आली होती. "दारं उघडा सगळी. जे काय आत कोंबलंय ते काढा. हात भाजून घेऊ नका."

वॉचमनला कसंबसं आवरून गालिचेवाल्याने दारं उघडली. छताचा फोम सुटून मशीनच्या अंगावर पांघरुणासारखा पडला होता. काढला तसा तो हातांना, शर्टाला, कानाला चिकटला. एव्हाना प्रत्येक गॅलरीत माणसं आली होती. बायको फोनवरून एकेक सांगत होती, तो करत होता. वीस मिनिटं मशीन निवू दिलं, तेल बघितलं, जाळीत अडकलेले फोमचे तुकडे काढले. मग तिच्या सांगण्यावरून बटण दाबलं, आणि उघड्या दारांनिशी मशीन पूर्वीसारखं गर्जायला लागलं. पट्टासुद्धा ठीक आहे, असं तिने ओरडून कळवलं.

तो परिचित गोंगाट कानावर पडला आणि गालिचेवाल्याला एकदम मोकळं वाटलं. आता काहीही बोललं तरी कुणाला ऐकू जाणार नव्हतं. फोन तोंडाशी धरून तो बोलत सुटला. घर खायला उठतं. जाळी वाळत घालताना तुझी आठवण येते. मशीनचं राहू दे, मलाच करमत नाही. ये आता. बोलता बोलता, मशीनशेजारच्या सवयीने, त्याचा आवाज कधी चढला ते त्यालाही कळलं नाही.

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, तरी नाही. मग त्याने हात लांब केला आणि मशीन बंद केलं.

"काय म्हणालीस?"

"मशीन का बंद केलंत? पाणी गार होईल."

"होऊ दे."



"मला ऐकू आलं सगळं," मग ती म्हणाली. "पण परत म्हणा."

"अगं, लोक आहेत."

"असू देत."

त्याने वर बघितलं. तिन्ही मजल्यांवर चिडीचूप होतं. मुख्याध्यापिका कठड्यावर कोपर टेकून, पाठांतर घ्यायला थांबल्यासारख्या उभ्या होत्या. कानाला फोम चिकटलेल्या त्या माणसाने सगळं पुन्हा म्हटलं, या वेळी हळू आवाजात, आणि शेवटी "ये" म्हणाला.

उत्तर आलं ते लेकीचं.

"बाबा, उद्या सकाळी बसवते तिला गाडीत. महिना झाला तिची बॅग भरलेली आहे. रोज त्यातलेच कपडे काढून घालते, धुते आणि परत घडी करून बॅगेत ठेवते. मी जा म्हटलं की म्हणते, त्यांनी बोलावलं की जाईन."