फरशी ओली होती

आमची आत्या कोणत्याही दुकानात शिरली की वस्तू बघायच्या आधी फरशी बघते. पिशवीतून पाण्याची बाटली काढते, उंबऱ्याच्या आत चार थेंब शिंपडते, उजव्या पायातली चप्पल काढून अंगठ्याने फरशी घासते आणि मोठ्याने निकाल सांगते. "पास" म्हणाली तर खरेदी होते. "नापास" म्हणाली तर दुकानदाराने पोतं आणून अंथरायचं, नाहीतर गिऱ्हाईक गेलं. गावातला मेडिकलवाला आता तिला लांबून येताना पाहिलं की आपणहून पोतं टाकतो. बारामतीतल्या एका सराफाकडे तिने हा प्रकार केला, तेव्हा मी तिच्याबरोबर नसल्यासारखी समोरच्या रसवंतीकडे बघत उभी राहिले होते.

आत्याचं नाव कुसुम. माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडगाव निंबाळकरला राहते, दोन म्हशी पाळते आणि दोन्ही वेळचं दूध डेअरीला घालते. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, संजूदादा, चाकणला कंपनीत आहे आणि पिंपरीत फ्लॅट घेऊन राहतो. मी शेळगावची. बारामतीच्या कॉलेजला जायला आमच्याकडून एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून वडिलांनी मला आत्याकडे ठेवलं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे दोन्हीकडच्या नातेवाइकांची अशी समजूत आहे की कॉलेजात सगळं शिकवतात. पीकविमा, जनावरांच्या गोळ्या, मोबाइलमधला बिघाड, सगळं माझ्याकडे येतं. माझा विषय भूगोल आहे, हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलं.

तर हे फरशीचं प्रकरण कसं सुरू झालं, ते सांगते.

मी रोज प्लॅस्टिकच्या डब्यात भाकरी नेते हे आत्याला आवडत नव्हतं. मला स्टीलचा डबा घ्यायचा म्हणून ती माझ्याबरोबर बारामतीला आली. नवीन मोठं दुकान झालं होतं, एसीवालं, आपणच वस्तू उचलून टोपलीत टाकायची अशा पद्धतीचं. आत्याने डबे वाजवून वाजवून एक पसंत केला आणि तो हातात घेऊन वळली. तिथे कुणीतरी नुकतंच फरशी पुसून गेलं होतं. पुढच्या क्षणी आत्या खाली होती, उजवा हात अंगाखाली आणि डबा घरंगळत साबणांच्या फळीपर्यंत गेलेला.

माणसं जमली. मॅनेजर धावत आला. मी रडायच्या बेतात होते. आत्या फरशीवर पडल्या पडल्याच मला म्हणाली, "वैशे, आधी त्या डब्याचं बिल कर. उगं फुकट पडले म्हणायला नको."

मी बिल केलं. पुढे त्याच बिलाचा फार उपयोग झाला, कारण बिल असलं तरच माणूस ग्राहक ठरतो. आत्याला हे माहीत होतं का, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं. आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माणसं बघायला यायला लागली. येताना बिस्किटाचा पुडा आणायचा, खाटेशेजारी बसायचं, कसं झालं ते पहिल्यापासून ऐकायचं, चहा घ्यायचा आणि उठताना म्हणायचं, "जपा आता, वय झालं." यात कुणाचा काही वाईट हेतू नसतो. पण आत्याचं या शेवटच्या वाक्याशी वाकडं झालं.

"मी पडले न्हाय," ती प्रत्येकाला सांगायची, "मला पाडलं." लोक मान हलवायचे. त्या मान हलवण्यातच आत्याला खोट दिसायची. शेजारचे आबा तर समजुतीच्या सुरात म्हणाले की साठीनंतर पायात बळ राहत नाही, त्यांचंही तसंच होतं. आत्याने मला आत पाठवून त्यांचाच बिस्किटाचा पुडा आणवला आणि त्यांच्या हातात परत दिला. "तुमाला लागंल आबा. पायात बळ न्हाय म्हंता." आबा पुढचे काही दिवस आमच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेने जायचे.

मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटला. संजूदादा आला आणि मला खरी गोष्ट कळली.

दादा गाडी घेऊन आला होता. स्वभावाने फार चांगला आहे, आवाज कधी चढवत नाही. त्याने डॉक्टरांना फोन केला, औषधं लावून दिली आणि संध्याकाळी आत्याच्या खाटेवर बसून हळूच विषय काढला. आता म्हशी काढून टाकू. घराला कुलूप लावू. तू पिंपरीला चल. वैशालीचं हॉस्टेलचं बघता येईल. "आई, आज दुकानात पडलीस म्हणून माणसं तरी होती. उद्या गोठ्यात पडलीस तर?"

आत्या म्हणाली, "गोठ्यात मी कधी पडले?"

"पडली नाहीस. पण आता वय झालंय."

गावाला हे वाक्य बोलायला काही जात नव्हतं, पण दादाने ते धरून ठेवलं तर आत्याचं घर, म्हशी आणि तिची सकाळ, सगळं त्या एका वाक्यावर जाणार होतं. ती वयामुळे पडली असेल तर तिला पिंपरीला जावं लागणार होतं. फरशीमुळे पडली असेल तर नाही. इतकं सरळ होतं ते.

"त्या दुकानाकडनं मी लिहून घेते," ती म्हणाली, "की फरशी वली हुती. मग तर झालं?"

दादा हसला. तिची समजूत घालायची म्हणून म्हणाला, घे, लिहून आण, मग आपण बोलू. मला वाटतं, तोवर त्याला आपल्या आईचा अंदाज आला नव्हता.

इकडे घरात वेगळीच अडचण होती. थोरली म्हैस, जिचं नाव चिमणी आहे आणि जी गोठ्याच्या दारातून तिरकी झाल्याशिवाय मावत नाही, ती आत्याशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. मग आत्याचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळून मी धारेला बसू लागले. चिमणीने वास घेतला, माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि निम्मं दूध सोडलं. निम्मं तिने आत्यासाठी राखून ठेवलं असावं. मी त्या काळात वर्गात शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसत होते.

तक्रार मी लिहिली. "तू कॉलेजात हाईस न्हवं?" या प्रश्नापुढे भूगोल टिकला नाही. ग्राहक आयोगाकडे वकिलाशिवायही जाता येतं, हे मी ग्रंथालयात वाचून काढलं. मी लिहिलं की तक्रारदार ज्येष्ठ नागरिक असून त्यांचा तोल गेला. आत्याने ऐकून घेतलं आणि ज्येष्ठही काढायला लावलं आणि तोलही. "तोल माझ्यापाशीच हुता. पाय त्यांच्या फरशीनं नेला." शेवटी मी तेच जरा नीट भाषेत लिहिलं.

नोटीस पोचल्यावर मॅनेजर स्वतः घरी आला. तरुण होता, माझ्याहून फार मोठा नसेल. फळांची करंडी, वर चकचकीत कागद. दारात बूट काढले, आत्याच्या पायाला हात लावला. आत्याला बरं वाटलेलं मला दिसलं. तिने मला चहात आलं टाकायला सांगितलं. मॅनेजर म्हणाला की दवाखान्याचा सगळा खर्च दुकान देईल, वर थोडंफार देईल, तक्रार तेवढी मागे घ्या. आत्या मान डोलवत होती. आणि मग त्याने आपुलकीने म्हटलं, "मावशी, तशी आमच्याकडं पाटी लावलेली होती. पण वय झालं की होतं असं."

आत्याने कप खाली ठेवला.

"पाटी कुठं हुती?"

"तिथंच. पिवळी पाटी."

"साखरंच्या पोत्यामागं उभी हुती ती," आत्या म्हणाली. "घसरायच्या भ्यानं लपली आसंल. तुमी चहा प्या. करंडी घिऊन जावा."

तो करंडी घेऊन गेला. मी त्याला एसटी थांब्यापर्यंत सोडायला गेले, कारण मला फार वाईट वाटलं. त्यालाही वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, फरशी ओली होती हे त्याला माहीत आहे, पण ते म्हणायची त्याला परवानगी नाही. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग परवानगी देणाऱ्याला बोलवू."

पुण्याला तारखा पडू लागल्या. आम्ही पहाटेच्या एसटीने जायचो आणि बऱ्याचदा पुढची तारीख घेऊन परत यायचो. आत्याला त्याचा कंटाळा आला नाही. आयोगाच्या जिन्याची फरशी तिने पहिल्याच दिवशी तपासली आणि पास केली. शिपायाला इतका आनंद झाला की तो दर वेळी आम्हाला बसायला बाक पुसून द्यायचा.

शेवटी एकदा बोलायची वेळ आली. दुकानाच्या वकिलांनी विचारलं, चप्पल झिजलेली होती ना? आत्याने पिशवीतून तीच चप्पल काढून टेबलावर उलटी ठेवली. तळवा चांगला खडबडीत होता, खाचेत थोडं वाळलेलं शेण होतं. वकिलांनी आपले कागद जरा मागे घेतले. मग तिने दुसरी पिशवी सोडली. त्यात पडली त्या दिवशीचं लुगडं होतं. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवलेलं, इतके महिने न धुतलेलं, मलाही हात लावू न दिलेलं. गाठ सुटली आणि त्या खोलीभर लिंबाच्या फिनेलचा वास पसरला. वर बसलेल्या आयोगाच्या मॅडमनी नाकाला रुमाल लावला, पण त्यांचे डोळे हसत होते.

वकील समजुतीने म्हणाले, "आजी, कुणाचा दोष नसतो हो. या वयात तोल जातो."

आत्या उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला.

"सायेब, तुमी माझ्या गोठ्यात या. सकाळी, शेण काढायच्या आदी या. म्हशी मुतलेल्या आसत्यात, खाली दगुड हाय. ह्या टोकापासनं त्या टोकाला नुसतं चालून दावा. हातात दुधाची बादली घ्या. न्हाय पडला तर मी केस माघारी घेते." मग म्हणाली, "मी लगीन होऊन आल्यापास्नं रोज चालतीया. पडायचंच आसतं तर तितं पडले आसते. तुमच्या दुकानात यायची काय गरज हुती?"

मॅडमनी वकिलांना विचारलं, जाता का? वकील म्हणाले नाही. मग मॅडमनी दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. वकिलांनी बाहेर जाऊन बराच वेळ फोन केला आणि परत आले ते तडजोडीची भाषा बोलत. पैसे वाढवून देतो म्हणाले. आत्या म्हणाली, दवाखान्याचं लागलं तेवढं द्या, बाकी ठेवा, मला एक ओळ पाहिजे. गंमत अशी की पैशाला ते लगेच तयार होते आणि त्या एका ओळीसाठी त्यांना पुन्हा तीनदा बाहेर जाऊन फोन करावा लागला.

ओळ मिळाली. फरशी ओली होती आणि सूचनेची पाटी दिसेल अशा जागी नव्हती, हे दुकानाला मान्य आहे. खाली सही, शिक्का.

घरी आल्याबरोबर आत्याने दादाला फोन लावायला सांगितला आणि ती ओळ मला वाचायला लावली. मी वाचली. "पुन्यांदा वाच," आत्या म्हणाली. मी पुन्हा वाचली. दादा पलीकडून म्हणाला, "बरं आई. रहा तू तिथंच. पण रोज फोन उचलत जा."

"उचलती की," ती म्हणाली आणि फोन माझ्याकडे देऊन भिंतीला टेकून बसली. मला वाटलं होतं ती गल्लीभर सांगत फिरेल. निदान आबांना तरी बोलावून घेईल. ती नुसती बसून राहिली आणि डाव्या हाताने उजवं मनगट चोळत राहिली. प्लास्टर कधीच निघालं होतं. मूठ मात्र अजून पुरती वळत नव्हती.

धारेची वेळ झाली तशी गोठ्यातून चिमणी हंबरली. मी बादली घेतली, लुगडं अंगाभोवती गुंडाळलं आणि निघाले. ओसरीपासून गोठ्यापर्यंत आमच्याकडे शहाबादी फरशीचा पट्टा आहे. मामांनी घातलेला. जगातल्या सगळ्या फरशा तपासणाऱ्या आत्याने या फरशीवर कधी थेंब शिंपडलेला मी पाहिला नव्हता.

मी अर्ध्यात गेले आणि मागून आत्या रोजच्यासारखी येत नाहीसं वाटून वळले. आत्या ओसरीच्या पायरीवर उभी होती. एक पाय खाली टाकलेला आणि तो तसाच थांबलेला.

"वैशे," ती म्हणाली, "हात दे गं जरा. फरशी वली हाय."

वैशाखातलं ऊन दिवसभर त्या फरशीवर पडलं होतं. माझ्या तळव्यांना अजून चटके बसत होते. मी बादली खाली ठेवली, मागे गेले आणि तिचा उजवा हात धरला. तिच्या बोटांनी जेवढी वळता येत होती तेवढी वळून माझा हात धरला.

"व्हय आत्या," मी म्हणाले. "लई वली हाय. हळू चल."